रविवार कोणाचा?

(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसाद यायचा आहे, आणि मध्ये आम्ही उभे आहोत. ही जागा वक्त्यासाठी फार अवघड. याच सभागृहात मागच्या सतरंजीवर बसून आम्हीही लहानपणी 'हे काका कधी थांबणार' म्हणत खिरापतीच्या डब्याकडे डोळे लावले आहेत. तेव्हा घड्याळ समोर ठेवूनच बोलतो.

हे भाषण आम्ही तिघांनी मिळून लिहिले आहे, वाचतो आहे एकच. आमच्यापैकी एक जण रासायनिक कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, एक जण बँकेत, आणि तिसऱ्या एका रुग्णालयात सिस्टर इन्चार्ज आहेत. तिघेही वडोदऱ्यात वाढलो, दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा याच भागात. चाळिशी ओलांडल्यावर, नोकरी न सोडता, एकाच वर्षी आम्ही पीएच.डी.साठी नाव नोंदवले. विषय मानसशास्त्रातला, कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा. इंग्रजीत त्याला 'ऑक्युपेशनल हेल्थ सायकॉलॉजी' म्हणतात. आपण साध्या मराठीत 'कामाचा मनावर आणि मनाचा कामावर होणारा परिणाम' म्हणू या.

मंडळाच्या पत्रिकेत सत्कारासाठी आधी दोनच नावे होती, कारण पदवी दोघांनाच मिळाली आहे. कार्यवाहांना भेटून आम्ही ती तीन करून घेतली. का, ते शेवटी सांगतो.

हा विषय आहे तरी काय?

'काम केले की माणूस दमणारच, त्यात संशोधन कसले?' हा प्रश्न आम्हाला नातेवाइकांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला आणि प्रवेशाच्या मुलाखतीत एका प्राध्यापकांनीही विचारला. उत्तर जुने आहे. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तुझा धंदा कोणता?' हेही विचारा, असा त्यांचा आग्रह होता. आज तीनशे वर्षांनी आपण डॉक्टरकडे जातो, रक्तदाब सांगतो, साखर सांगतो. कामाची वेळ आणि कामाची तऱ्हा मात्र सांगत नाही आणि बहुधा आपल्याला कोणी विचारतही नाही.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सहा वर्षांच्या खटपटीनंतर १८९० मध्ये गिरणी मालकांकडून रविवारची सुट्टी मिळवली. आज रविवार पंचांगातूनच आल्यासारखा वाटतो. तो कोणीतरी मागून घेतलेला आहे.

आणि आपल्या वडोदऱ्याचा धागा तर आणखी जवळचा. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला शिकायला गेले. १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीसाठी येथे आले, तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच फायली टाकत, प्यायला पाणी मिळत नसे, राहायला जागा मिळाली नाही. कमाटी बागेत झाडाखाली बसून त्यांना शहर सोडण्याचा निर्णय घ्यावा लागला. आम्ही या शहरात राहून कामाच्या ताणावर अभ्यास करतो आणि हे सांगत नाही, असे होऊ नये. ताण नुसत्या कामाच्या ढिगाने येत नाही. टेबलावर फाईल कशी ठेवली जाते, यानेही येतो. पुढे तेच बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे साठवून, १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. बारमाही चालणाऱ्या कारखान्यांतले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी कायद्याची दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीतली.

शास्त्र म्हणून या विषयाला स्वतंत्र नाव मिळाले ते अलीकडे. १९९० मध्ये हवाईतल्या काही अभ्यासकांनी मानसशास्त्रातल्या पीएच.डी.च्या शिक्षणात काम आणि आरोग्य यांची सांगड घालावी, असे मांडताना हे नाव वापरले. १९९६ मध्ये त्याच नावाचे नियतकालिक सुरू झाले. म्हणजे आमच्या नोकऱ्या आणि हे शास्त्र साधारण एकाच वयाचे.

महाप्रसादाचे उदाहरण

आता पुस्तकातले दोन विचार सांगतो. ते कळले की बाकीचा विषय सोपा होतो.

पहिला रॉबर्ट कॅरॅसेक यांचा, १९७९ सालचा. कामाचा भार किती, हा एक प्रश्न. ते काम कसे आणि कधी करायचे हे ठरवण्याची मोकळीक किती, हा दुसरा. भार जास्त आणि मोकळीक कमी, असे जिथे असते तिथे ताण सर्वांत वाईट. भार जास्त आणि मोकळीकही जास्त असेल, तर माणूस दमतो पण शिकतो, फुलतो.

आपल्या महाप्रसादाकडे पाहा. पाचशे-सहाशे पाने उठवायची, आदल्या रात्रीपासून भाजी चिरायची, पहाटे चुलाण पेटवायचे. दहा दिवस आपले कार्यकर्ते नीट झोपत नाहीत. तरीही अकराव्या दिवशी त्यांच्या तोंडावर उत्साह असतो, कारण मिठाचा अंदाज त्यांचा, पंगतीची आखणी त्यांची, कोणी कुठे वाढायचे ते त्यांनीच ठरवलेले. हाच कार्यकर्ता सोमवारी कामावर जातो, आठ तासच काम करतो आणि घरी येऊन कोणाशी बोलत नाही. काम कमी, तरी थकवा जास्त. हे कसे, याचे उत्तर कॅरॅसेक यांच्या त्या दोन प्रश्नांत आहे.

लंडनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा मोठा अभ्यास झाला, तो 'व्हाइटहॉल अभ्यास' म्हणून ओळखला जातो. सुमारे १८,००० पुरुष कर्मचारी त्यात होते. तोवर समज असा की हृदयविकार हा साहेबांचा आजार, कारण जबाबदारी त्यांच्यावर. निघाले उलटेच. जसजशी श्रेणी खाली, तसतसे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वाढत गेलेले. सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही हा फरक पुरता उलगडेना. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात स्त्रियाही होत्या. आपल्या कामावर आपला ताबा नसणे आणि हृदयविकार यांचा संबंध त्यात दिसून आला.

दुसरा विचार जर्मनीच्या योहानेस सीग्रिस्ट यांचा, १९९६ सालचा. कष्ट आणि मोबदला यांचे पारडे सतत एकीकडे झुकलेले राहिले, तर शरीर आजारी पडते. मोबदल्यात पगार आला, नोकरीची शाश्वती आली आणि मान आला. घरात एकवीस मोदक वळणाऱ्या बाईला 'छान झालेत' एवढे ऐकू आले नाही तर तिला काय वाटते, हे इथल्या भगिनींना आम्ही सांगायला नको. कारखान्यातल्या ऑपरेटरला आणि बँकेतल्या कारकुनालाही तेच वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट', म्हणजे कामाने आतून जळून जाणे, याची व्याख्या केली. तो आजार आहे असे म्हटले नाही, तर न आवरलेल्या कामाच्या ताणातून येणारी, कामाशी जोडलेली अवस्था म्हटले. शब्दांचा हा फरक मोठा आहे. आजार म्हटला की दोष माणसात शोधला जातो. कामाशी जोडलेली अवस्था म्हटली की कामाकडे पाहावे लागते. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती. शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, आवाजाने येणारा बहिरेपणा होता. मनाचा एकही आजार त्यात नव्हता.

नोकरी सांभाळून पीएच.डी. म्हणजे काय

मंडळातले तीन-चार तरुण आम्हाला याबद्दल विचारत असतात, म्हणून नियम थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे नियम २०२२ चे आहेत. नोकरी करणाऱ्याला अर्धवेळ पीएच.डी. करता येते. कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्यात तीन गोष्टी लिहून द्याव्या लागतात: अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळे केले जाईल. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे. कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे उभे राहून काय केले ते सांगायचे. पत्राद्वारे, दूरस्थ पद्धतीने पीएच.डी. होत नाही. कोणी तशी जाहिरात दाखवली तर पैसे भरू नका.

कागदावर हे सगळे स्वच्छ आहे. पण त्या प्रमाणपत्रातले 'पुरेसा वेळ' हे दोन शब्द प्रत्यक्षात कुठून येतात, ते कोणत्याच नियमात लिहिलेले नाही.

आमचा वेळ तीन ठिकाणांहून आला. पहाटे साडेचार ते साडेसहा. वर्षभराच्या रजा. आणि रविवार. कोर्सवर्क संपल्यापासून प्रबंधापर्यंत किती रविवार गेले, ते आम्ही मोजलेले नाहीत. आमच्या घरच्यांनी मोजले आहेत. एकाच्या मुलीने शाळेतल्या निबंधात 'माझा आवडता वार' म्हणून शुक्रवार लिहिला. बाईंनी कारण विचारले, तर म्हणाली, 'रविवारी घरात आवाज करायचा नसतो.' लोखंड्यांनी कामगाराच्या विश्रांतीसाठी मिळवलेला रविवार, कामगारांच्या विश्रांतीवर अभ्यास करताना आम्ही खर्चून टाकत होतो. हे कळायला आम्हाला तिसरे वर्ष उजाडले.

त्या वर्षी पावसाळ्यात आम्ही तिघांनी एक खेळ केला. दुसऱ्यांना भरायला देत होतो तीच थकव्याची प्रश्नावली एका संध्याकाळी आपण भरली. गुण मोजले. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग सिस्टर हसून म्हणाल्या, "मला नमुन्यात धरू नका हं, सगळी सरासरी बिघडेल." आम्हीही हसलो. आज वाटते, तेव्हा हसायला नको होते.

शब्द कुठून आणायचे

या विषयातली मोजमापे बहुतेक इंग्रजीतली. ती मराठीत, गुजरातीत, हिंदीत आणायची तर पद्धत ठरलेली आहे. एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचे, आणि दोन्ही ताडून पाहायचे. मग थोड्या लोकांवर चाचणी. हे सगळे आम्ही केले. मनातला साठा संपल्यासारखे वाटते, अशा अर्थाचे एक विधान होते. भाषांतर बिनचूक, परतीचे भाषांतरही जुळले. खानदेशातून येऊन इथे स्थायिक झालेल्या एका फिटरने ते वाचले आणि विचारले, "साहेब, म्हणजे पगार संपल्यासारखं का?"

त्या दिवसापासून आम्ही प्रश्न थोडे बाजूला ठेवून आधी ऐकायला लागलो. लोक काय म्हणतात? डोकं भणभणतं. अंग मोडून येतं. जीव उबगतो. घरी गेल्यावर कोणी हाक मारली तरी नको वाटतं. गुजराती सोबती म्हणत, 'थाकी गयो छुं' आणि 'कंटाळी गयो छुं', आणि या दोन्हींत फरक करत. आपल्या मराठीतही तो फरक आहेच. थकलेला माणूस झोपला की उठतो. कंटाळलेला, उबगलेला माणूस झोपून उठला तरी तसाच असतो. बर्नआउटवरच्या पुस्तकांत ज्यासाठी प्रकरणे खर्ची पडतात, तो भेद आपल्या लोकांच्या तोंडात आधीच होता. आमच्या सिस्टरांनी हे सर्वांत आधी ओळखले. रात्रपाळीच्या परिचारिकांना त्यांनी 'तुम्हाला ताण आहे का?' असे कधीच विचारले नाही. त्या विचारत, "घरी गेल्यावर पहिले पाच मिनिटं काय करतेस?" एक जण म्हणाली, "जिन्यात बसते." त्या एका उत्तरावरून पुढच्या मुलाखतींचा सगळा आराखडा बदलला.

यादी

आता एक प्रसंग. यात कोणाचे नाव घेणार नाही, कारण ज्यांच्याविषयी आहे ते वाईट माणूस नव्हते.

सेफ्टी विभागातल्या आमच्या सोबत्याने आपल्याच कारखान्यातल्या पाळीच्या कामगारांचा अभ्यास करायचे ठरवले होते. रात्रपाळी हा प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला 'माणसाला बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले आहे. परवानगी मिळाली, ना हरकत प्रमाणपत्र मिळाले. अर्जावर नाव लिहायचे नाही, उत्तरे कारखान्यात कोणाला दाखवणार नाही, असे प्रत्येकाला तोंडी आणि लेखी सांगितले. लोकांनी भरवशाने उत्तरे दिली. काहींनी मागच्या कोऱ्या पानावरही लिहिले.

सहा महिन्यांनी वरिष्ठांनी बोलावले. चहा दिला, चौकशी केली आणि म्हणाले, "ज्यांना जास्त ताण आहे त्यांची यादी द्या. आपण त्यांना समुपदेशन देऊ, गरज पडली तर हलक्या कामावर घेऊ." हेतू चांगलाच असेल. पण कामगाराच्या भाषेत 'हलके काम' म्हणजे ओव्हरटाइम बंद, पाळीभत्ता बंद आणि पुढच्या कपातीत पहिले नाव. आमचा सोबती म्हणाला, "नावे माझ्याकडे नाहीत." मग विभागवार उत्तरे मागितली गेली. तिथेही अडचण तीच. बॉयलरवर पाळीला चार माणसे. वय आणि नोकरीची वर्षे लिहिली की नाव वेगळे लिहावे लागत नाही.

त्याने दिले नाही. रागावून नाही, हात जोडून. त्यानंतर कोणी काही बोलले नाही, फक्त त्याचे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले. कोर्सवर्कच्या वेळी सहज मिळणारी रजा मिळेनाशी झाली. घरी दोन मुले शिकणारी, घराचा हप्ता चालू. त्या काळात तो आमच्याकडे येऊन एकच प्रश्न विचारायचा, "मी मूर्ख आहे का?" आम्हाला उत्तर येत नव्हते. बँकवाले म्हणत, "यादी दिलीस तर प्रबंध होईल. नाही दिलीस तर नोकरीही अडचणीत." सिस्टर म्हणाल्या, "पेशंटची फाईल आपण नातेवाइकालाही दाखवत नाही. यात विचार कसला करायचा?"

शेवटी गाईड सरांनी मार्ग काढला. गोळा केलेली उत्तरे मोहोरबंद करून बाजूला ठेवली, वापरली नाहीत. अभ्यास नव्याने दोन लहान कारखान्यांत केला. दहापेक्षा कमी माणसांच्या कोणत्याही गटाची आकडेवारी वेगळी दाखवायची नाही, हे सुरुवातीलाच मालकांकडून लिहून घेतले. वर्षभराचे काम वाया गेले. नोकरी राहिली. आता त्या कारखान्यातले कामगार त्याला भेटले की वेगळ्या तऱ्हेने बोलतात. पाळीतला एक जण परवा म्हणाला, "तुम्ही दिली नाहीत ते कळलं आम्हाला." कुठून कळले, देव जाणे.

नोकरी करता करता संशोधन करणाऱ्याचा खरा फायदा काय, असे कोणी विचारले तर आम्ही म्हणू, त्याला आतले कळते. जोखीमही तीच. बाहेरचा संशोधक उत्तरे घेऊन निघून जातो. आपल्याला उद्या सकाळी त्याच गेटमधून आत जायचे असते.

तिसरे नाव

आता शेवटी जे सांगायचे म्हणालो होतो ते. हे सांगण्यापूर्वी आम्ही सिस्टरांची परवानगी घेतली आहे. हा मजकूर त्यांनी वाचला आहे. दोन वाक्ये गाळायला सांगितली, ती गाळली आहेत.

आमच्या तिघांत हुशार कोण, हे आमचे गाईडही जाणतात. सिस्टरांच्या मुलाखती आमच्यापेक्षा खोल आहेत. पाळी बदलताना एका परिचारिकेने दुसरीला रुग्ण सोपवण्याची जी पंधरा मिनिटे असतात, त्या पंधरा मिनिटांत काय सुटते, कोण कोणावर चिडते, कोण डोळे पुसते, हे त्यांनी जसे टिपले आहे तसे आम्ही कुठे वाचलेले नाही. सगळी माहिती गोळा झाली आहे. दोन प्रकरणे लिहायची राहिली आहेत. सहावे वर्ष सरत आले आहे.

दोघांची पदवी पूर्ण झाली आणि त्यांची झाली नाही, यात अभ्यासाचा काहीच संबंध नाही. आम्ही दोघे पहाटे साडेचारला उठून टेबलाशी बसायचो, तेव्हा चहा कोणीतरी आणून ठेवायचे. सिस्टर पहाटे साडेचारला उठायच्या, तेव्हा चहा त्याच करायच्या. मग सासूबाईंचे औषधपाणी, मुलाचा बारावीचा डबा, स्वयंपाक, सातची पाळी. आम्ही म्हणायचो, 'आमचे रविवार गेले.' त्यांना रविवार कधी नव्हताच. नियमाने स्त्रियांना वाढीव वर्षे दिली आहेत, ते चांगलेच आहे. पण वर्षे वाढवून दिवसाचे तास वाढत नाहीत.

इथे आम्हाला आमचीच एक चूक कबूल करायची आहे. तिघेही ताणाचा अभ्यास करत होतो. भार किती, मोकळीक किती, मोबदला किती, हे परक्या माणसांना विचारत होतो. आमच्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला सहा वर्षांत आम्ही ते एकदाही विचारले नाही. त्या संध्याकाळी प्रश्नावलीतले त्यांचे गुण पाहून आम्ही हसलो आणि चहा मागवला. तो चहा कोणी केला, तेही सांगायला नको.

मुदतवाढीचा अर्ज त्यांनी अजून भरलेला नाही. तो दिवाळीपूर्वी द्यायचा आहे. भरावा की नाही, हे त्याच ठरवतील. थांबायचे ठरवले तर तोही निर्णय शहाणपणाचा असू शकतो. आमचा सगळा विषयच सांगतो की माणसाने काम कुठे थांबवावे, हे त्याचे त्याला ठरवता आले पाहिजे. पण घरात आणि मंडळात कोणी मदत केली नाही म्हणून थांबावे लागले, तर त्याला निर्णय म्हणता येणार नाही.

म्हणून मंडळाकडे तीन मागण्या आहेत.

पहिली. कोणी नोकरी सांभाळून शिकत असेल, मग पीएच.डी. असो, नर्सिंग असो, नाहीतर राहिलेली दहावी, त्याला 'कधी संपणार?' असे विचारू नका. 'या रविवारी काय हलके करू?' असे विचारा. त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ तीन तास बसणे, डबा पोचवणे, मुलांना बागेत नेणे, एवढे पुष्कळ आहे.

दुसरी. सभागृहाच्या वरची मागची खोली मांडवाच्या कनाती, जुनी मखरे आणि तुटक्या खुर्च्यांनी भरलेली आहे. ती अभ्यासाला द्या. दोन टेबले, एक पंखा, रविवारी सकाळी सात ते एक. जुन्या सभासदांना आठवत असेल, एके काळी तिथे मंडळाचे वाचनालय होते. ज्या शहरात महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, गावोगाव ग्रंथालये नेली, तिथे एका खोलीसाठी फार बोलावे लागू नये.

तिसरी. आज शाल आणि श्रीफळ तिघांना द्या. सिस्टर आत्ता सभागृहात नाहीत, प्रसादाच्या पानांची तयारी पाहायला आत गेल्या आहेत. त्यांना बोलवा. पाने आम्ही दोघे घेतो. जमेल तसे वाढू. मीठ डावीकडे, एवढे माहीत आहे.

त्या खोलीचा निर्णय कार्यकारिणी घेईल. निर्णय झाला की येणाऱ्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही झाडू, फडकी घेऊन हजर राहू. किल्ली मात्र कार्यवाहांनी द्यायची.

 गणपती बाप्पा मोरया!